स्मृतिभ्रंश आणि गटातील व्यवसायोपचार : वेळ घालवणे कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो?

पाऊलवाट (धागालेखिका)

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांविषयी बोलताना औषधे, तपासण्या आणि घरच्यांची होणारी दमछाक यांवर पुष्कळ चर्चा होते; गटातील व्यवसायोपचाराचा (ऑक्युपेशनल थेरपीचा) विषय निघाला की मात्र 'तिथे त्यांना कशात तरी गुंतवून ठेवतात' एवढ्यावर तो आटोपतो. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून असे गट चालवत आले आहे. एखाद्या ज्येष्ठाला गुंतवून ठेवणे आणि त्याच्यावर उपचार करणे यांत नेमका फरक कशाने पडतो, हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

व्यवसायोपचार माणसाच्या रोजच्या करण्याकडे पाहतो : कपडे चढवणे, केस विंचरणे, घर आवरणे, बागेला पाणी घालणे, चार माणसांत बसून बोलणे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे ताज्या घटना टिकत नाहीत. परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या ज्या भागांवर अवलंबून असतात, त्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांना झळ तुलनेने उशिरा पोहोचते. म्हणूनच आज कोणता वार आहे हे सांगू न शकणारी व्यक्ती हातात सुई-दोरा आला की टाका घालू शकते. आमचे निम्मे काम या शिल्लक क्षमतेचा माग काढण्याचे असते.

एक साधे उदाहरण घेते. सहा जणांच्या गटासमोर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग आहे. वरवर पाहता सगळे मिळून घड्या घालत आहेत, पण प्रत्येकाला दिलेला भाग वेगळा असतो. ज्यांना पुढचा विचार करता येतो, त्या बाई किती टॉवेल कुठल्या कप्प्यात जातील हे ठरवतात. दुसरे गृहस्थ रंगांप्रमाणे ढीग वेगळे करतात, कारण क्रम लक्षात ठेवणे त्यांना जमत नसले तरी सारखेपणा ओळखता येतो. तिसऱ्या व्यक्तीच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल दिला जातो, कारण कामाला सुरुवात करणे हीच तिची अडचण आहे. एकदा सुरुवात करून दिली की पुढचे ती आपसूक करते. एकाला फक्त मऊ कापडावरून हात फिरवायचा असतो, आणि त्याच्यापुरते तेही पुरेसे असते. अशी पायरी बेतताना आम्ही चूक घडण्याची शक्यताच आधी कमी करतो, कारण या आजारात चुकीतून शिकणे फारसे होत नाही. चुकल्याची खंत तेवढी उरते.

मग हे गटातच कशासाठी? शेजारचा माणूस घडी घालतो ते पाहून हात आपोआप हलतात, शब्दांनी दिलेली सूचना समजली नाही तरी नक्कल जमते, हे पहिले कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरात ही माणसे सतत मदत घेणारी होऊन बसतात. गटात ती कुणाला तरी टॉवेल पुढे करतात, जागा करून देतात, 'इकडून धरा' म्हणून सांगतात. एका तज्ज्ञाने एका रुग्णाबरोबर कितीही चांगले काम केले, तरी देणाऱ्याची ही भूमिका तिथे सहजी मिळत नाही.

मागच्या पिढीतील ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी दाखवून दिले होते की, रुग्णाच्या ढासळण्यात मेंदूच्या हानीबरोबरच आजूबाजूच्या वागणुकीचाही वाटा असतो : त्याच्या वतीने उत्तरे देणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, हातातले काम काढून घेणे. बरा चालवलेला गट म्हणजे या वागणुकीपासून मिळालेली पाऊण तासाची सुटका असते.

प्रश्न आणि आक्षेप दोन्हींचे स्वागत आहे.

जिज्ञासू

लेख वाचनीय आहे. तरीही आक्षेप नोंदवतो. आमच्या एका नातलगांना ज्या दिवसकेंद्रात पाठवले जात असे, तिथे सर्वांना गोलात बसवून चेंडू एकमेकांकडे टाकायला लावत आणि त्यालाच उपचार म्हणत. त्यांना तिथे बरे वाटत असेलही, मी ते नाकारत नाही. मात्र माणूस गोतावळ्यात बसला की त्याला बरे वाटते, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? या पद्धतींचा उपयोग होतो याला चाचण्यांचा आधार आहे का, आणि असल्यास तो कितपत भक्कम आहे, हे कुणी जाणकारांनी स्पष्ट करावे.

निरामय

मी वृद्धांच्या आजारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मीच देतो. पाऊलवाट यांची हरकत नसावी.

आधार आहे, पण तो सर्व प्रकारच्या गटांना सारखा लागू होत नाही, आणि इथेच बरीच गल्लत होते. सर्वाधिक अभ्यास झालेली पद्धत म्हणजे बोधनिक उद्दीपन उपचार, म्हणजे गटातील गप्पा, खेळ आणि चर्चा यांतून विचारशक्तीला चालना देणे. एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली इंग्लंडमधील २०१ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीचे (कुणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या) निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ४५ मिनिटांची, अशी सात आठवड्यांत १४ सत्रे त्यात होती, आणि गट साधारण पाच जणांचे होते. ज्यांना ही सत्रे मिळाली त्यांची बोधनक्षमता (विचार करण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता) आणि जीवनमान या दोन्हींत तुलना गटापेक्षा सुधारणा दिसली. पुढे अनेक देशांत तशा चाचण्या झाल्या. चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यात ३७ चाचण्या एकत्र पाहिल्या आहेत, आणि स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या तीस गुणांच्या एमएमएसई या प्रश्नावलीवर उपचार मिळालेल्यांच्या बाजूने सरासरी फरक सुमारे दोन गुणांचा आढळला आहे. फरक लहान आहे; परंतु या आजारात उपलब्ध असलेल्या नेहमीच्या औषधांकडूनही आपण फार मोठ्या फरकाची अपेक्षा करत नाही, हे ध्यानात घ्यावे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशात गटातील बोधनिक उद्दीपन द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांमध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी बोधनिक प्रशिक्षण, म्हणजे स्मरणशक्तीचे ठरावीक सराव पुन्हा पुन्हा करवून घेणे, देऊ नये असेही म्हटले आहे. ही दोन्ही नावे ऐकायला सारखी वाटत असल्याने कुटुंबीयांची फसगत होते. व्यवसायोपचाराचे स्थान तिथे याहून सावध शब्दांत आहे : रोजची कामे करण्याची क्षमता टिकवण्यासाठी त्याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांना एकत्र बसवून जुन्या आठवणी जागवणाऱ्या गटांची मोठी ब्रिटिश चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला नाही, उलट काळजी घेणाऱ्यांची चिंता वाढलेली आढळली. तसेच घरी जाऊन व्यवसायोपचार देण्याच्या पद्धतीला नेदरलँड्समध्ये २००६ साली उत्तम यश मिळाले होते : पाच आठवड्यांत दहा भेटी, १३५ रुग्ण, आणि रोजच्या कामांत ठळक सुधारणा. तीच पद्धत जर्मनीत आणि नंतर ब्रिटनमध्ये तपासली असता तो लाभ पुन्हा दिसला नाही. म्हणजे 'व्यवसायोपचाराने फायदा होतो' असे सरसकट विधान मी करणार नाही. कोणता उपचार, कुणाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या तुलनेत, हे विचारूनच उत्तर देता येते.

शेवटचा मुद्दा : बोधनिक उद्दीपनाचे गट परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञही चालवतात. ती काही एकट्या व्यवसायोपचाराची मक्तेदारी नाही.

पाऊलवाट

निरामय यांचे आभार. मक्तेदारीचा मुद्दा मान्य आहे. चाचण्यांविषयी एवढेच जोडते की, मोजपट्टीवर प्रश्नावलीचे गुण येतात; पण 'आज ती आपणहून उठून खिडकीशी गेली' हे क्वचितच येते. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. काय मोजले गेले आहे आणि काय मोजायचे राहिले आहे, ते वेगळे ठेवावे म्हणून सांगते.

जिज्ञासू, चेंडूचेही असेच आहे. बोधनिक उद्दीपनाच्या सत्रांची सुरुवातही पुष्कळदा मऊ चेंडू देण्याघेण्याने होते. मात्र चेंडू कुणाकडे टाकायचा हे टाकणाऱ्याला ठरवावे लागते, त्या व्यक्तीचे नाव घ्यावे लागते किंवा तिच्या डोळ्यांत पाहावे लागते, आणि ज्याचा एक हात अधू आहे त्याला चेंडूऐवजी हलका रुमाल मिळतो. तासभर केवळ चेंडू फिरत राहिला, तर तुमचा आक्षेप रास्त आहे.

सांजवेळ

माझ्या आईला मध्यम टप्प्याचा अल्झायमर आहे आणि आम्ही तिला अशा एका गटात पाठवू लागलो आहोत. माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ती निघताना रोज नकार देते. 'मला काय झाले आहे, मला कुठे पाठवता?' असे विचारते. तिथे गेल्यावर रमते, असे तिथल्या ताई सांगतात. दुसरी अडचण मला अधिक छळते. घरी आल्यावर 'आज काय केले?' असे विचारले की ती म्हणते, 'काही नाही, नुसती बसले होते.' तिला त्यातले काहीच आठवत नसेल, तर हा सारा खटाटोप नेमका कुणासाठी चालला आहे, तिच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी?

पाऊलवाट

सांजवेळ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावर एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंददायी चित्रपटांतील प्रसंग दाखवले. काय पाहिले हे रुग्ण थोड्याच वेळात विसरले, काहींना तर आपण काही पाहिले हेच आठवेना. पण त्या प्रसंगांनी मनात उठवलेली भावना आठवण पुसल्यावरही टिकून राहिली. तेव्हा आईंना 'आज काय केले' हे सांगता आले नाही म्हणून काही घडलेच नाही, असे समजू नये. शक्य असल्यास हा प्रश्न विचारणेच थांबवा. तो तिच्यासाठी स्मरणशक्तीची परीक्षा ठरतो आणि त्या परीक्षेत ती रोज नापास होते. त्याऐवजी परतल्यानंतरचे दोन तास पाहा : ती शांत आहे का, येरझाऱ्या कमी आहेत का, आपणहून काही बोलते का. गटाच्या दिवशी आणि इतर दिवशी यांत काही फरक दिसतो का, ते लिहून ठेवा. फरक दिसला नाही, किंवा गटाच्या दिवशी ती अधिक चिडचिडी झाली, तर तेही तितकेच मोलाचे आहे आणि गट चालवणाऱ्यांना ते कळायलाच हवे.

नकाराविषयी : तिच्या दृष्टीने तिला काही झालेले नाही, म्हणून 'उपचाराला चल' हे निमंत्रण तिला अपमानास्पद वाटते. तिथे तिची काही गरज आहे, असे निमंत्रण द्यावे. मात्र ते खोटे नसावे. 'तिथल्या रोपांना कुंड्यांत लावायचे आहे, तुझा हात लागला तर बरे होईल' असे सांगायचे असेल, तर त्या दिवशी खरोखर रोपे लावली गेली पाहिजेत. यासाठी गटाचा पुढच्या आठवड्याचा विषय घरच्यांना आधी कळवणे आवश्यक असते. निघण्याच्या वेळी वाद घालू नये, फार आधी सांगूनही ठेवू नये. वाट पाहण्यात तिची अस्वस्थता वाढते.

एकतारी

माझ्या वडिलांना फ्रंटोटेम्पोरल प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. त्यांची स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत आहे, पण वागण्यावरचा ताबा सुटला आहे. गटात त्यांनी शेजारच्या व्यक्तीच्या हातातली वस्तू ओढून घेतली, मोठ्याने टोचून बोलले, आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला 'यांना आणू नका' असे सांगण्यात आले. वर वर्णन केलेली देवाणघेवाण वाचून छान वाटले, परंतु अशा माणसांसाठी गट नावाची गोष्ट बंदच समजायची का?

पाऊलवाट

बंद समजू नये, पण सर्व प्रकारच्या रुग्णांना एकाच गोलात बसवण्याचा आग्रह आधी सोडावा लागतो. आपण आतापर्यंत जे बोललो ते बहुतांशी अल्झायमर डोळ्यांसमोर ठेवून बोललो.

तुमच्या वडिलांसारख्यांना समोरासमोर बसून वाटून घेण्याचे काम जड जाते, कारण वाट पाहणे आणि दुसऱ्याची पाळी मानणे यांसाठी लागणारा मेंदूचा पुढचा भागच बाधित असतो. अशा वेळी आम्ही तीन-चार जणांचा गट करतो आणि प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र साहित्य देतो : एकाच टेबलावर, पण प्रत्येकाची चौकट वेगळी. लाकडाचा तुकडा घासून गुळगुळीत करणे, पाने-फुले कागदावर चिकटवणे, नट-बोल्ट जुळवणे अशी कामे इथे चालतात, ज्यांना सुरुवात आणि शेवट स्पष्ट आहे आणि जी एकट्यानेही पुरी होतात. बसण्याची जागा भिंतीकडे पाठ करून, दाराच्या जवळ आणि मदतनिसाच्या शेजारी असावी. त्यांनी टोचून बोलले तर समज देण्यात वेळ घालवू नये, लक्ष हातातल्या कामाकडे वळवावे. एवढे करूनही इतरांना त्रास होत असेल, तर एकट्यासाठीचे सत्र हाच योग्य मार्ग असतो. तुम्हाला मिळालेल्या वागणुकीबद्दल वाईट वाटते. 'आणू नका' म्हणणाऱ्यांनी दुसरा पर्याय सुचवायला हवा होता.

निरामय

यात लेवी बॉडी प्रकाराची भर घालतो. या रुग्णांची जागरूकता दिवसागणिक, कधी तासागणिक वरखाली होते. काल सफाईने केलेले काम आज अजिबात जमत नाही, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. डोळ्यांसमोर नसलेल्या आकृती दिसणे हेही नेहमीचे आहे. म्हणून भरगच्च नक्षीचे टेबलपोश, चकाकणारी फरशी, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या टाळाव्यात. हालचाली मंद आणि ताठर असल्याने पडण्याचा धोका मोठा असतो, तेव्हा उभे राहून करायची कामे बसून करावीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून आलेल्या स्मृतिभ्रंशात वाचा गेलेली असू शकते. त्यांच्यासाठी बोलण्यावर आधारलेला गट शिक्षा ठरतो, तर गाण्याचा गट कित्येकदा चालून जातो.

आणि कोणत्याही गटाआधी कानातले यंत्र चालू आहे का, चष्मा पुसलेला आणि स्वतःचाच आहे का, शौचाला जाऊन आले आहेत का, हे पाहावे. 'सहभाग घेत नाहीत' असा शेरा मिळालेल्या काही रुग्णांची अडचण यंत्रातील संपलेल्या बॅटरीपुरतीच होती, हे मी पाहिले आहे.

ओंजळ

मी अशा केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते. मला बोच वाटते ती लहान मुलांच्या साहित्याची. मोठमोठ्या रंगीत ठोकळ्यांनी भरलेली टोपली, बालवाडीची चित्रे रंगवायला देणे, आणि वर 'शाब्बास, किती छान!' अशी टाळ्यांची साथ. एके काळी जबाबदारीच्या पदांवर काम केलेली ही माणसे आहेत. काही जण हसून घेतात, काही जण रंगीत खडू बाजूला सारतात, आणि मग त्यांच्या नावापुढे 'असहकार' असे लिहिले जाते. हे टाळता येत नाही का? दुसरे असे की, जुनी छायाचित्रे दाखवून 'ओळखा पाहू हे कोण?' असे विचारण्याची पद्धतही मला पटत नाही.

पाऊलवाट

ओंजळ, दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत आणि दुसऱ्याला इतिहास आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जेम्स फोल्सम यांच्या पुढाकाराने वास्तवभान देण्याची पद्धत सुरू झाली : फळ्यावर वार, तारीख, ऋतू, ठिकाण लिहायचे आणि रुग्णाकडून ते वारंवार वदवून घ्यायचे. त्या काळी वृद्धांच्या वॉर्डांत उपचार म्हणून काहीच होत नसे, तेव्हा ते पाऊल पुढचे होते. पुढे ते यांत्रिक झाले. चुकले की दुरुस्त करायचे, पुन्हा चुकले की पुन्हा. बोधनिक उद्दीपनाने त्यातील उपयोगी भाग घेतला आणि रोख बदलला. माहिती विचारण्याऐवजी मत विचारायचे, हे त्याचे एक मुख्य तत्त्व आहे. 'हे कोण?' याला एकच बरोबर उत्तर असते. 'या दोन चेहऱ्यांपैकी तुम्हाला कोणता अधिक करारी वाटतो?' याला कोणतेही उत्तर चालते आणि त्यावर शेजारच्याशी वादही घालता येतो. सत्रात तारीख लिहिलेला फळा असतोच, पण ती कुणाकडून वदवून घेतली जात नाही. ज्याला हवी त्याने पाहावी. गटाचे नाव सभासदांनीच ठरवलेले असते आणि सुरुवातीचे गाणे दर वेळी तेच असते, जेणेकरून मागचे सत्र आठवले नाही तरी ओळखीच्या जागी आल्यासारखे वाटावे.

साहित्याबद्दल : काम सोपे करण्यासाठी ते पोरकट करावे लागत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी माँटेसरी पद्धतीतील तत्त्वे स्मृतिभ्रंशासाठी वापरात आणली. ती बालशिक्षणातून आली असली तरी त्यांत खेळण्यांना स्थान नाही. काम छोट्या पायऱ्यांत मोडणे, साहित्य हाताळता येईल असे आणि खरे ठेवणे, सूचनेऐवजी करून दाखवणे आणि व्यक्तीला समूहात एखादी भूमिका देणे, एवढे त्यात येते. ठोकळ्यांचे रंग जुळवण्याऐवजी बटणे, पडद्यांची कडी, किल्ल्या, टपालाची पाकिटे यांची वर्गवारी करता येते. जुळवणे तेच, पण ते प्रौढाचे काम दिसते. अट इतकीच की, तोंडात घालण्याची सवय असलेल्या व्यक्तीसमोर बारीक वस्तू ठेवू नयेत. कौतुकाचेही तसेच आहे. टाळ्यांपेक्षा 'या घड्यांमुळे कपाट लावून झाले' हे वाक्य त्यांना अधिक पोहोचते, कारण त्यात कामाचा उपयोग सांगितलेला असतो.

जिज्ञासू

माझा पहिला आक्षेप बऱ्याच अंशी निवळला आहे, मात्र एक व्यावहारिक प्रश्न उरतो. सामान्य कुटुंबाला एखादा गट बरा आहे की नुसता नावाला आहे, हे बाहेरून कसे ओळखता येईल? सगळेच आपापल्या पत्रकात मोठमोठे शब्द लिहितात.

पाऊलवाट

पत्रक बाजूला ठेवा आणि एक सत्र पाहण्याची परवानगी मागा. आत गेल्यावर भिंतीवरच्या कलाकृतींकडे पाहू नका, त्यांतल्या पुष्कळशा मदतनिसांनीच पुऱ्या केलेल्या असतात. सत्रातला सर्वात अबोल सभासद शोधा आणि पाऊण तासात त्याच्याशी कोण, किती वेळा आणि कसे बोलले एवढेच पाहा. बोलक्या दोघा-तिघांवर गट चालवणे कुणालाही जमते.

त्यानंतर नोंदी विचारा. 'सहभाग चांगला, मनःस्थिती आनंदी' अशा नोंदी रोज आढळल्या, तर तिथे निरीक्षण होत नाही असे खुशाल समजा. कामाच्या नोंदीत मदतीची पातळी असते : व्यक्तीने आपणहून सुरुवात केली, की शब्दाने सुचवावे लागले, की खुणेने, की करून दाखवावे लागले, की हाताला हात लावून सुरुवात करून द्यावी लागली, किती मिनिटे लक्ष टिकले आणि कशाने उडाले, कुणाशी बोलणे झाले. प्रवेशाआधी क्षमतेची पातळी कशी तपासली हेही विचारावे. जॅकी पूल या ब्रिटिश व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या पद्धतीत चार पातळ्या मानल्या जातात : ठरवून काम पुरे करू शकणारी, हाताळत-हाताळत काम करणारी, केवळ स्पर्श-नाद-रंग यांत रमणारी, आणि फक्त प्रतिक्षिप्त प्रतिसाद देणारी. हीच पद्धत हवी असे नाही, पण काहीएक पद्धत हवी. आठ-दहा जणांहून मोठा गट आणि एकच मदतनीस असेल, तर तिथे पायऱ्या बेतणे शक्य नसते.

या नोंदींवर माझा इतका भर का, तेही सांगते. गटात शिकलेले कौशल्य घरी जसेच्या तसे उतरेल अशी आशा मी कुटुंबीयांना दाखवत नाही. एका जागी जमलेली गोष्ट दुसऱ्या जागी नेणे या आजारात फार अवघड असते. घरी उतरू शकते ती माहिती. गटात सहा आठवडे पाहिल्यावर आम्ही सांगू शकतो की, या बाईंना तोंडी सूचना दोन शब्दांपलीकडे पोचत नाही पण करून दाखवले की जमते, त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलेली वस्तू त्यांच्या लक्षात येत नाही, आणि मागे रेडिओ चालू असला की त्या काम सोडतात. घरच्यांना यातले पुष्कळसे जाणवलेले असते, पण थकव्यात त्याची सुसंगती लागत नाही. उपचाराचा सर्वात टिकाऊ भाग हाच असतो, असे माझे मत आहे; आणि नेमका तोच भाग बहुतेक केंद्रे कागदावर उतरवतच नाहीत.

सांजवेळ

हे वाचून मी तिथल्या ताईंकडे अशी नोंद मागितली. त्यांनी लिहून दिले आहे की, आईला 'कपडे बदल' असे सांगितले तर ती गोंधळते, पण ब्लाउजची बाही हातावर चढवून दिली की उरलेले स्वतः करते, आणि कपडे ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने एकावर एक ठेवले की मदत कमी लागते. घरी आम्ही तसे करून पाहिले. सकाळचा वाद पुरता मिटला नाही, पण कमी झाला आहे. 'आज काय केले' हेही विचारणे सोडले आहे.

माझा पुढचा प्रश्न थोडा नकोसा आहे. आजार वाढत जाणार हे मला ठाऊक आहे. गट कधी थांबवायचा, हे कसे कळते?

पाऊलवाट

एकदम थांबवण्याची वेळ क्वचित येते. पाऊण तासाचे वीस मिनिटे होतात आणि सहा जणांचे दोघे-तिघे. पूर्वी सत्रभर बसणारी व्यक्ती आता सुरुवातीच्या गाण्यापुरतीच थांबत असेल, तर तिला तेवढ्यापुरते आणावे. कामात भाग घेतला नाही म्हणून गाण्याचा हक्क जात नाही. पुढच्या टप्प्यात गटाचे साहित्य बदलते : ओळखीचे सूर, हाताला तेल चोळणे, ऊबदार आणि खरखरीत कापडे, सुवास. इथे बोलणे जवळजवळ नसते, आणि प्रतिसाद म्हणजे बोटांची पकड सैल होणे किंवा मान आवाजाकडे वळणे इतकाच असू शकतो.

गट जाचक होऊ लागल्याची चिन्हे मात्र स्पष्ट असतात. व्यक्ती आत येतानाच दाराशी अडते आणि बसल्यावरही तो ताण उतरत नाही. इतरांच्या आवाजाने दचकते, डोळे मिटून घेते. सत्रानंतरची संध्याकाळ नेहमीपेक्षा अवघड जाते. हे एखाद्या दिवशी घडले तर आधी दुखणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नव्या औषधाचा परिणाम नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण या रुग्णांना त्रास शब्दांत सांगता येत नाही. ती कारणे नसतील आणि हेच आठवडा-दोन आठवडे चालू राहिले, तर गटातून एकट्याच्या सत्राकडे वळावे. तसे वळताना शेवटच्या काही वेळा गटातला तोच मदतनीस तिच्यासोबत वेगळ्या खोलीत बसला तर बदल सोपा जातो, आणि त्याने जमवलेली नोंद नव्या माणसाच्या हाती देणे विसरू नये.

निरामय

त्या नोंदीची घरी येणाऱ्या परिचारिकेसाठी एक प्रत ठेवावी, एवढे सुचवतो. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर तीच प्रत सोबत द्यावी. तिथे पहिल्या रात्री रुग्ण बिथरतो तेव्हा 'बाही चढवून द्या, उरलेले त्या करतात' यासारखी ओळ वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना फार उपयोगी पडते.